वाजलं नाही म्हणजे मागं कुणी नाही, असं नाही



आज द्राक्षाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण विषय आपल्या अंगणातलाच आहे.

आपली गाडी आखलेल्या पार्किंगमध्ये कधी उभी नसते. गोठ्यापुढं, बांधावर, बागेच्या तोंडाला, जागा मिळेल तिथं लावायची. मागं वासरू असेल, पेंडीचं पोतं असेल, ठिबकचं बंडल असेल. आणि आता आमच्या घरात दीड वर्षाचा नातू आहे. तो पायावर उभा राहिल्यापासून रिव्हर्स टाकताना माझा जीव खालीवर होतो. कितीही मान वळवली तरी बंपरच्या लगेच मागचं ड्रायव्हरला दिसत नाही.

1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. माझी गाडी 2015 ची. म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या आधी सवड होती तेव्हा किट मागवलं आणि घरीच बसवलं. किटात चार सेन्सर, एक कंट्रोल बॉक्स, बझर, वायरी आणि भोक पाडायचा गोल कटर येतो.

हे चालतं कसं ते आधी समजून घ्या. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, तसंच. सेन्सर सेकंदाला साधारण 40,000 कंपनांचा आवाज सोडतो. माणसाला 20,000 च्या वरचं ऐकू येत नाही, वटवाघळाला येतं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. वस्तू एक मीटरवर असेल तर जाऊन-येऊन साधारण 6 हजारांश सेकंद लागतात. त्यावरून बॉक्स अंतर काढतो.

आता बसवण्याचं.

1) भोक पाडायच्या आधी सगळं किट 12 व्होल्टच्या बॅटरीला जोडून वाजवून बघा. खराब निघालं तर परत करता येतं. बंपरला पाडलेलं भोक परत करता येत नाही.

2) बंपर धुवून मास्किंग टेप लावा. जमिनीपासून उंची साधारण 50 ते 60 सेंटिमीटर ठेवा, किटाच्या कागदावर दिली असेल तर तीच धरा. वेलीची लाईन आखतो तशी दोरी धरून चार खुणा सारख्या अंतरावर करा. खुणेच्या मागं लोखंडी पट्टी नाही ना, हे हात घालून बघा.

3) आधी बारीक ड्रिल, मग किटातलाच कटर, कमी वेगानं. कडा पॉलिश पेपरनं साफ करा.

4) सेन्सरवर बाण असतो, तो वर. तोंड खाली झुकलं तर तो जमिनीलाच अडथळा समजून वाजत राहतो. ए, बी, सी, डी हा क्रम चुकवू नका.

5) करंट रिव्हर्सच्या दिव्याचा घ्यायचा, म्हणजे रिव्हर्स पडला की सेन्सर चालू. इंजिन बंद, हँडब्रेक वर, चाकाला दगड, चावी ऑन, गिअर रिव्हर्सला. मग मल्टिमीटरनं 12 व्होल्टची वायर शोधा. जोडायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. नुसता पीळ मारून टेप गुंडाळू नका, पावसाळ्यात जोड गंजतो. सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवा. वायर सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि डिकीत जिथून घ्याल तिथं रबरी बूच लावा.

एवढं झालं की बझर वाजतो आणि आपण खूश होतो. पण नवीन औषध आपण आधी दोन ओळींवर मारून बघतो. तसंच याचंही केलं. गाडी जागेवरच, इंजिन बंद, गिअर रिव्हर्सला. मुलगा एकेक वस्तू मागून काठीनं जवळ आणत गेला, मी आत बसून ऐकत होतो.

भिंतीसारखी सपाट फळी दीड मीटरवरून वाजली. उभा माणूस वाजला. वासरू वाजलं, पण उशिरा, कारण अंग गोल आणि केसाळ. कडब्याची पेंढी अगदी जवळ आल्यावर, कारण ती आवाज पिऊन टाकते. मांडवाचा अँगल दोन सेन्सरच्या मधोमध आला तेव्हा फार उशिरा वाजला. मांडवाची तार वाजलीच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पुढं आहे. अर्धं भरलेलं पोतं घेतलं आणि वर गोधडी टाकली. उंची बसलेल्या लेकराएवढी, दीड फूट. ते लांब होतं तेव्हा मधूनमधून वाजलं. जवळ आलं तसं वाजायचं थांबलं. वस्तू सेन्सरपेक्षा बुटकी असली की जवळ आल्यावर ती आवाजाच्या पट्ट्याखाली जाते. म्हणजे जिथं वाजायला पाहिजे तिथंच बझर गप्प.

हे मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. बायको म्हणाली, "अहो, मग हे वाजलं नाही म्हणजे मागं कुणी नाही, असं समजायचं नाही ना?"

तेवढंच समजायचं आहे. भिंत, झाड, उभी मोटारसायकल यांच्यासाठी सेन्सर चांगला. त्यानं बंपर वाचतो. लेकरासाठी तो भरवशाचा नाही.

निगाही लागते. चिखल किंवा बोर्डोचा थर बसला की सेन्सर बिघडल्यासारखा वागतो, ओल्या फडक्यानं पुसा. आपण गाडी फवारणीच्या एचटीपी गननं धुतो, ती गन सेन्सरच्या तोंडाला जवळून धरू नका.

आमच्या घरचा नियम आता असा आहे. गाडीत बसायच्या आधी ड्रायव्हरनं गाडीला एक फेरी मारायची आणि खाली वाकून बघायचं. घरातल्या कुणीतरी नातवाला उचलून घेतलंय हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. काच खाली ठेवायची, गाणी बंद. पाहुण्यांच्या गाडीलाही हाच नियम. त्यांच्या गाडीला कारखान्यातून आलेला सेन्सर असला तरी त्याचं काम याच आवाजावर चालतं.

तुमच्या गाडीला सेन्सर असतील तर उद्या सकाळी एक पोतं आणि गोधडी घेऊन दहा मिनिटं ही चाचणी करा. घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला शेजारी बसवून करा.