रायपूरची तळी आणि उन्हाळ्यातील गळ

रायपूर हे तळ्यांचे गाव. बुढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध ही नावे तेथे लहानथोरांच्या तोंडी असतात. १८७७ साली किशोरवयीन नरेंद्रनाथ दत्त याच गावी येऊन राहिला; त्याच्या स्मरणार्थ बुढा तालाबास आज विवेकानंद सरोवर म्हणतात. छत्तीसगडी बोलीत गळास ‘गरी’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द परका वाटत नाही.

गळ टाकून बसण्याचा छंद आपणांस असेल, तर येथील उन्हाळा आपणांस पाणी वाचावयास शिकवील. ऊन पाण्याला तापवते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. रात्री पाणवनस्पतीही तो वापरतात. म्हणून पहाटे त्याची टंचाई सर्वांत अधिक असते. त्या वेळी पृष्ठभागावर तोंड काढून धडपडणारा मासा भुकेला नसतो, तो गुदमरलेला असतो. त्याच्यापुढे आमिष टाकणे व्यर्थ. कासराभर दिवस वर आला, की गळ टाकावा. दुपारी विसावा घ्यावा. ऊन उतरल्यावर पुन्हा बसावे.

प्रत्येक माशाचा मजला वेगळा. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले, म्हणून तो वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. त्याप्रमाणे गळाची खोली ठेवावी. कणकेचा किंवा सातूच्या पिठाचा घट्ट गोळा रोहूसाठी पुरेसा असतो. मृगळासाठी तो तळाला टेकू द्यावा.

मरळीची गोष्ट मात्र निराळी. ती शिकारी मासळी कमळपानांच्या आडोशाला दबा धरते आणि हवा घेण्यास अधूनमधून वर येते. तिच्यासाठी हल्ली रबरी बेडूक मिळतो. त्याच्या गळाची टोके पाठीशी दडलेली असल्याने तो पानांत अडकत नाही. तो पानांवरून थांबत थांबत ओढावा. मरळीने झडप घातली, तरी क्षणभर थांबून मगच काठी उचलावी.

पण एक गोष्ट ध्यानी असावी. पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा दिसला, तर त्याखाली त्यांचे आईबाप पहारा देत असतात. त्या वेळी ते जवळ आलेल्या कशावरही धावून जातात, म्हणून सहज गळाला लागतात. राखणदार गेले, की इतर मासे पिल्लांचा फडशा पाडतात. तेथे गळ गुंडाळणे हेच खऱ्या शिकाऱ्याचे लक्षण.

आणखी एक. पुष्कळ तळी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे पट्ट्याने असतात. त्यातील मासळी ही त्यांची शेती होय. तेव्हा अनुमती घेतल्यावाचून काठावर बसू नये. रोहू-कटला पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, म्हणून छत्तीसगडात नद्या व त्यांना जोडलेल्या जलाशयांत १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीस बंदी असते. उन्हाळ्याच्या अखेरीस गळाला लागलेली अंड्यांनी भरलेली मादी पाण्यात परत सोडाल, तर पुढील वर्षाची मासळी आपणच राखली असे होईल.