आबांची ॲटलस

शिरूर

चि. ओम यास,


परवा फोनवर तू म्हणालास, "काका, ती जुनी सायकल भंगारात घाला, मी तुम्हाला गिअरची नवी घेऊन देतो." तुझी माया कळली. पण आबांच्या ॲटलसबद्दल तुला नीट सांगायलाच हवं.

न्हावऱ्याकडच्या वस्तीवरून आबा शिरूरला दूध घालायचे ते हिच्यावरूनच. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या भरल्या किटल्या, परतताना पेंडीचं पोतं. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. माझे मामा दौंडला रेल्वेत होते. तेही अशाच सायकलवरून रात्रपाळीला जात, कारण त्या वेळेला एसटी मिळत नसे.

असल्याच कामांसाठी ही सायकल घडवलेली. 28 इंची चाक खड्ड्यात सहसा अडकत नाही. चिमटा पुढे कललेला, म्हणून हाताला हिसका कमी बसतो. वजन वीस किलोच्या आसपास, तेव्हा चढाला घाम काढते हे खरंच. ही घडण मूळची इंग्रजी, आणि तीच तुमच्या हॉलंडातही रुजली. तिथल्या एखाद्या जुन्या काळ्या सायकलीचा टायर बघ. त्यावर 40-635 असा आकडा असेल, तर आपलं 28×1½ ते हेच माप.

आता हँडलखालचा सांधा. तिथे नळ्या एकमेकींना नुसत्या जोडलेल्या नाहीत. पोलादी खोबणीत नळी बसवून ती पितळेने झाळलेली आहे. एकदा पायडलजवळ आबांच्या सायकलीची नळी तडकली. वेल्डिंगवाल्याने संध्याकाळी गॅसवर पितळ वितळवून सांधा भरला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दूध वेळेवर शिरूरला पोचलं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हे जमत नाही. 6061 सारख्या मिश्रधातूला कारखान्यात वेल्डिंगनंतर भट्टीत ताव देऊन ताकद आणतात. गावात डाग मारला तर सांध्याशेजारचा भाग मऊ पडतो. कार्बनची फ्रेम तर इथे कोणी हातातही घेणार नाही.

म्हणून नवी वाईट, असं मी म्हणत नाही. पावसात पोलादी रिम ओली झाली की आबांचे सळईचे ब्रेक लागता लागत नाहीत. डिस्क ब्रेक तिथेही धरतो. गिअरमुळे गुडघे वाचतात. तुझ्या रोजच्या प्रवासाला नवीच योग्य.

ॲटलस कंपनी 1951 मध्ये सोनीपतला सुरू झाली. 3 जून 2020 ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, तिचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. तरीही आबांच्या सायकलीचं काही अडलं नाही. छर्रे, आरे, कॉटर पिन, टायर-ट्यूब हे सगळं दुसऱ्या कंपन्यांचंही बसतं, आणि चाकाचा आऊट काढायला एक पाना पुरतो. बनवणारा गेला तरी वापरणाऱ्याचं काम थांबू नये, हा या जुन्या सायकलींचा मोठा गुण मला वाटतो.

दिवाळीत आलास की पुण्याला कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय बघू. नवी घ्यायचीच असेल, तर आधी आपल्या सायकलवाल्याला विचारू, तिचे भाग शिरूरमध्ये मिळतील का. मिळणार असतील तर जरूर घेऊ. ॲटलस मात्र विकायची नाही. उसाला पाणी द्यायला मी अजून तिच्यावरूनच जातो.

तुझा,
काका