मागची रांग

माझ्या आजोळच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. पडवीच्या वाशाला तारेने टांगलेला, शेजारी खुंटीला एक लोखंडी सळई. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. हा तुकडा त्याच्या कितीतरी आधीपासून इथे लोंबतो आहे. मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपात असलेल्या कुणी शिमग्याला येताना एसटीच्या टपावर टाकून आणला, असं सांगतात. म्हणजे राजापूर तालुक्यातल्या या वाडीत आधी रूळ आला आणि रेल्वे मागाहून. रेल्वे तशीही वाडीपासून लांबूनच जाते. रूळ मात्र रोज दहाला पाच मिनिटं असताना वाजतो, आणि त्याबरोबर वरच्या वाडीतून दोन, पऱ्याकडून तीन, देवळाच्या अंगाने बाकीची अशी पोरं उतरायला लागतात. अकरा. मोजायला वेळ लागत नाही.

मामाच्या घराच्या वारसनोंदीचं काम निघालं होतं. दोन दिवसांत आटपेल म्हणून जानेवारीत गेलो आणि एका सहीपायी नऊ दिवस राहिलो. घर शाळेसमोर. मधे फक्त गाडीरस्ता आणि जांभ्याचा गडगा. सकाळचा चहा घेऊन ओट्यावर बसलं की शाळा आपोआप बघितली जाते. जांभ्याचे चिरे, वर कौलं, दोन वर्ग, पुढे पडवी, झेंड्याचा खांब, अंगणाच्या कडेला शेवगा. पडवीतल्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज खडूने लिहिलेलं असतं : पहिली २, दुसरी ४, तिसरी १, चौथी ४. त्याखाली एकूण पट आणि हजर. शिक्षक दोन. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. फळा मधोमध रेघ मारून वाटून घेतलेला. डावीकडे हातच्याची वजाबाकी चाललेली असताना उजवीकडे दिशा चालू.

पहिल्या दिवशी परिपाठ ऐकला तो चहा पिता पिता. दुसऱ्या दिवशी चहा गार झाला.

राष्ट्रगीत, २०२३ पासून त्यामागोमाग राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, सामान्य ज्ञानाचे पाच प्रश्न, एक पाढा, समूहगीत, मौन, पसायदान. कामं चौदा आणि पोरं अकरा. हिशेबच असा की कुणी नुसतं उभं राहू शकत नाही. ‘सावधान-विश्राम’ पहिलीतला एक पोरगा देतो. त्याची चड्डी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, ती डाव्या हाताने धरून तो अख्ख्या शाळेला ताठ उभं करतो. पेटी नाही, चौथीतली मुलगी सूर देते आणि बाकीचे तो जमेल तसा उचलतात. बोधकथेची पाळी असलेल्या मुलीने त्या दिवशी कोल्ह्याची गोष्ट अर्ध्यात सोडली, विसरली म्हणून. कुणी हसलं नाही. ‘पुढची उद्या,’ म्हणाली आणि जागेवर जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पुढची सांगितलीन देखील.

माझी शाळा मुंबईत, गिरणगावातली, महापालिकेची. तीन मजली दगडी इमारत, एका वर्गात बावन्न मुलं. गिरणीतल्या बापांची, म्हणजे बहुतेक सगळी याच कोकणातली. मी उंच, त्यामुळे कायमचा मागच्या रांगेत. मागच्या रांगेचं एक शास्त्र असतं. प्रतिज्ञेला ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. कवितेला पुढच्याच्या डोक्याआड राहायचं. गॅदरिंगला टाळ्या वाजवायच्या, आणि त्या मात्र जोरात. सात वर्षांत मी एकदाही वर्गासमोर उभा राहिलो नाही. उभं राहा असं कुणी म्हटलं नाही, आणि मीही ‘मी’ म्हणून हात वर केला नाही. बावन्नांत ते खपून जातं. नंतर ऑफिसातही खपलं. मीटिंगला मी दाराजवळची खुर्ची धरायचो.

या शाळेत मागची रांगच नाही. एकच रांग आहे, आणि तीही पुढची.

प्रतिज्ञेवरून आठवलं. ‘भारत माझा देश आहे’ ही आपल्याला इतकी आपली वाटते की कुणी मराठी मास्तरानेच लिहिली असावी. ती मूळ तेलुगू. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी विशाखापट्टणमला असताना १९६२ साली लिहिली. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्याही त्याच वर्षी, १ मे रोजी. दोघी एका वयाच्या आणि अजून रोज सकाळी एकमेकींना भेटतात. यात मोठा अर्थ काढायचं कारण नाही. मला आपली गंमत वाटली.

साडेबारापासून चुलीचा धूर दिसायला लागतो. गॅस आहे, पण सिलिंडर संपला की दुसरा येईपर्यंत चूल. शालेय पोषण आहाराचा हिशेब पाचवीपर्यंत दर मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ. म्हणजे अकरा पोरांचे अकराशे ग्रॅम. दोनजण गैरहजर तर नऊशे. खिचडी शिजवणाऱ्या मावशी ते काट्यावर मोजतात, मग परडीतून शेवग्याचा पाला, भोपळा, जे असेल ते घालतात. ते मोजलेलं नसतं. १९९५ साली ही योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, पिशवीत बांधून. शिजवून वाढायला लागले ते पुढे, आणि खरा फरक तिथे पडला असं माझं मत. पिशवीतला तांदूळ ज्याच्या त्याच्या घरी जातो. पातेल्यातला पंगतीला येतो. खिचडीत मुलांचं काम असतंच : दोघं हात धुवायला पाणी घालणार, एक ताटं मांडणार, एक श्लोक सुरू करणार. वाढताना एक मुलगी मावशींना सांगते, ‘तिला थोडी, काल टाकलीन.’ इतकी खडानखडा माहिती मोठ्या शाळेत कुणाला कुणाची नसते.

पण सगळं गोडच लिहिलं तर ते खोटं होईल. तिसरीत एकटाच आहे तो मुलगा. तिसऱ्या दिवशी गडग्यावर येऊन बसला, मी काय लिहितो ते बघायला. विचारलं, ‘वर्गात नंबर कितवा?’

‘पयला.’

‘अरे वा!’

‘शेवटचा पण मीच,’ म्हणाला, आणि गडग्यातला एक खडा उपटून पऱ्याच्या दिशेने भिरकावला.

त्याच्या पुस्तकात ‘जोडीदाराशी चर्चा करा’ असं छापलेलं आहे. जोडीदार म्हणून चौथीतली मुलगी देतात, पण ती चर्चा सुरू व्हायच्या आधीच उत्तर सांगून मोकळी होते. भांडायला बरोबरीचा कुणी नाही, कॉपी करायला कुणी नाही. खो-खोला मैदानात नऊजण लागतात. अकरांतून नऊ काढायचे तर दुसरीतलं पोरही खांबाजवळ बसवावं लागतं, आणि ते ‘खो’ मिळाला की पाटी ओलांडायची का नाही याचा विचार करत तिथेच उभं राहतं. म्हणून केंद्रशाळेच्या हिवाळी स्पर्धांना ही शाळा धावणे आणि लांब उडी एवढ्यांतच नाव देते. यंदा चौथीतल्या एकीने उडीत नंबर काढला, पुढच्या, बीटच्या पातळीपर्यंत गेली. तिचं प्रमाणपत्र ऑफिसातल्या कपाटाच्या काचेला आतून चिकटवलंय, म्हणजे बाहेरून वाचता येतं आणि पावसाळ्यात ओल धरत नाही.

दर वर्षी एक कागद येतो, नाहीतर कागदाची आवई येते. वीसच्या खाली पट असलेल्या शाळांचं काय करायचं हा प्रश्न सरकारला दर थोड्या दिवसांनी पडतो. २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले तेव्हा वाडीत दोन सभा झाल्या. कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. तो किलोमीटर नकाशावर मोजला तर सरळ असतो, इथे त्याच्या मधे पऱ्या आहे आणि पावसाळ्यात साकवावरून पाणी जातं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. अकरा मुलं सात घरांतली, तेव्हा समितीची सभा म्हणजे जवळपास वाडीचीच सभा. खर्चाच्या बाजूने बोलणाऱ्यांचंही मला अगदीच चूक वाटत नाही. दोन शिक्षक आणि अकरा मुलं हा हिशेब कुठल्याही वहीत विचित्रच दिसणार. तिसरीतल्या त्या एकट्याकडे बघितलं की मीच डळमळतो. पण सकाळी चौदा कामांत ती अकरा पोरं पाहिली की वाटतं, वहीत मांडायचं एक घर राहिलंय.

शाळेला लागणाऱ्या वस्तू गावाने द्यायच्या, त्याला सरकारी भाषेत ‘शैक्षणिक उठाव’ म्हणतात. शब्द ऐकून बंड झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात मुंबईकर मंडळी पंखा देतात आणि पंख्याच्या तीनही पात्यांवर आपल्या आईवडिलांचं नाव घालतात. पंखा सुरू झाला की स्मरणार्थ काय ते वाचता येत नाही.

माझ्या सातव्या दिवशी स्नेहसंमेलन होतं. सकाळी सत्यनारायण, रात्री कार्यक्रम. आदल्या दिवशी बायकांनी अंगण सारवलं, गड्यांनी बांबू रोवून पडद्याला घरातल्या दोन साड्या जोडल्या. बघायला दीडेकशे माणसं. रात्रीच्या गाड्यांनी मुंबईहून आलेली धरून. रंगमंचावर अकरा. कोळीनृत्य झालं, त्यातल्याच कोळिणी पुढच्या नाटुकल्यात मावळे. शिवाजी झालेला मुलगा संवाद म्हणून विंगेत गेला, दाढी काढून दुसऱ्याच्या हातात दिलीन, आणि पडदा ओढायला दोरीपाशी जाऊन उभा राहिला. पडदा अडकला. तेव्हा ‘सावधान-विश्राम’वाला पोरगा, एका हाताने चड्डी धरून, स्टुलावर चढला आणि साडी मोकळी केलीन. सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या. त्याला वाटलं आपली एंट्री झाली. त्याने प्रेक्षकांना नमस्कार केला. मी शेवटच्या बाकड्यावर होतो. टाळ्या वाजवत होतो, जोरात.

सही अखेर आठव्या दिवशी झाली. नवव्या दिवशी निघायचं, गाडी अकराची. सकाळी ओट्यावर पिशवी भरत होतो. रूळ वाजला. थोड्या वेळाने गडग्यापाशी तिसरीतला एकटा उभा.

‘काका, सर बोलावतायत.’

गेलो. फळ्यावर हजर नऊ. संमेलनाच्या रात्री दव पडलं, दोघींना ताप भरला होता. त्यातल्या एकीकडे बातम्या होत्या. बाकीच्यांना जादा कामं वाटून झाली होती, तरी बातम्या उरल्या. सर हसत म्हणाले, ‘तुम्ही रोज बघताच की.’ हातात पेपर दिला. पेपर कालचा. वाडीत तो दुपारच्या गाडीने येतो, म्हणून इथे आजच्या बातम्या नेहमी कालच्याच असतात.

कुठे उभं राहायचं याचा अंदाज चुकला. सवयीने मी ओळीच्या मागे जाऊन थांबलो. चौथीतल्या मुलीने मानेनेच दाखवलं, तिथे नाही, इथे, खांबापाशी. पुढे आलो. नऊ चेहरे, दोन शिक्षक, चुलीजवळून पदराला हात पुसत बघणाऱ्या मावशी. घसा कोरडा पडला होता. साठीच्या माणसाचे हात पेपर धरताना इतके हलायचं काही कारण नव्हतं. पहिल्या मथळ्यावर बोट ठेवलं आणि वाचायला तोंड उघडलं.

‘काका,’ डाव्या हाताने चड्डी धरलेला तो पुढून म्हणाला, ‘आधी आपलं नाव सांगायचं असतं.’