माळकऱ्याचं क्रियापद

स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवताना माझा सगळ्यात जास्त राग असतो तो समानार्थी शब्दांच्या याद्यांवर. अव्हॉइड, इव्हेड, शन, एस्च्यू. चौघांपुढे एकच उत्तर: ‘टाळणे’. पाठ करायला सोपं, वापरायला घातक.

मग मी याद्या मिटायला लावतो आणि माणसं उभी करतो. धो-धो पावसात राजूर घाट नको म्हणून उद्या जाऊ म्हणणारा अव्हॉइड करतो. त्यात तत्त्व नाही, सोय आहे. वसुलीवाला दिसताच मागच्या दारानं सटकणारा इव्हेड करतो. आयकरात तर या दोघांमध्ये कायद्याची भिंतच आहे. नियमात राहून कर वाचवला तर अव्हॉइडन्स, उत्पन्न दडवलं तर इव्हेजन, म्हणजे गुन्हा. शन बहुतेकदा माणसाच्या वाट्याला येतं. वाळीत टाकण्याविरुद्ध आपल्या विधिमंडळाला 2016 मध्ये कायदा करावा लागला, त्यामुळे तो अर्थ पोरांना फोडून सांगावा लागत नाही. आयर्लंडमध्ये 1880 साली लोकांनी कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सगळे व्यवहार तोडले आणि त्याचं आडनावच क्रियापद झालं, ही गोष्ट मात्र ती दोनदा सांगायला लावतात.

राहिलं एस्च्यू. त्यासाठी मला माळकरी सापडला. शेगावच्या आसपास माळ घातलेली माणसं शोधावी लागत नाहीत. मटण परवडतं, शेजारच्या पंगतीत वाढलंही जातंय, तरी हा खात नाही. आणि खाणाऱ्याशी बोलणंही सोडत नाही. हाताशी असलेली गोष्ट समजून-उमजून सोडलेली. म्हणूनच या क्रियापदाचं कर्म बहुधा सवय, चैन, डामडौल असं काही असतं, माणूस क्वचितच.

“सर, डॉक्टरनं साखर बंद केली तर?”

“तर अव्हॉइड.”

“अन् कांदेनवमीले भजे हाणून चातुर्मासात कांदा सोडला तर?”

वर्ग खिदळला, पण प्रश्न पक्का होता. तेही एस्च्यूच, चार महिन्यांपुरतं. भूप गाणारा मध्यम आणि निषाद घेत नाही, तोही त्या रागापुरताच.

शब्द जड आहे, हे खरं. ‘एस्च्यू ऑबफस्केशन’ अशी इंग्रजीतच त्याची थट्टा आहे: बोजड भाषा सोडा, हे सांगायला दोन्ही शब्द बोजड. उताऱ्यात भेटला तर ओळखा, असं मी सांगतो. निबंधात एकदा चालेल. दुसऱ्यांदा दिसला की मी लाल पेन उघडतो.