संशोधकाचं बिऱ्हाड

महिन्याला एक हजार रुपये. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने जळगाव-धुळ्यासारख्या शहरात राहावं कसं, याचा हिशेब डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेने 2017 साली असा मांडला. वर्षाचे 43,000 रुपये, त्यात जेवणाचे 25,000, निवासाचे 12,000, निर्वाहाचे 6,000. या पैशावर कितीतरी घरांतली पहिली पदवी उभी राहिली, हे विसरून चालणार नाही. पण धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या खोटेनगरात हजार रुपयांत मिळते ती तिघा-चौघांत वाटून घेतलेली खोली. वीस वर्षांच्या मुलाचं त्यात भागतं. तोच मुलगा पुढे पीएच.डी.ला नोंदणी करतो तेव्हा मात्र तो मुलगा राहिलेला नसतो.

खानदेशातला संशोधक बहुधा तिशीच्या आसपासचा असतो. एम.ए. किंवा एम.एस्सी., मग नेट-सेटचे प्रयत्न, मध्ये घरची शेती. तोवर लग्न झालेलं, एखादं मूल, साक्रीकडे नाहीतर चोपड्याकडे थकलेले आईवडील. सकाळी तासिका तत्त्वावर शिकवायचं, दुपारी गाईडची वाट पाहायची, रात्री प्रबंध लिहायचा. यूजीसीने 2019 साली अतिथी अध्यापकाला तासाला 1,500 रुपये, महिन्याला जास्तीत जास्त 50,000 अशी मर्यादा सांगितली. महाराष्ट्रातला तासिकेचा दर त्याच्या खालीच राहिला, आणि सुट्टीत तास नाहीत म्हणजे पैसेही नाहीत. घरमालक मात्र मे महिन्याचंही भाडं मागतो.

जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळालेल्याची गोष्ट वेगळी. 2023 पासून ती महिन्याला 37,000 रुपये झाली. तिच्यासोबत येणारा घरभाडे भत्ता शहराच्या लोकसंख्येवर ठरतो. 2011 च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या थोडं वर, धुळे पावणेचार लाखांच्या आसपास; दोन्ही पाच लाखांच्या आत, म्हणून भत्त्याची टक्केवारी सर्वात खालची, मुंबई-पुण्याच्या एक तृतीयांश. तरीही ही मंडळी भाग्यवान म्हणायची, कारण बहुसंख्यांच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

संशोधकाच्या राहण्या-खाण्याची काळजी कुणी घ्यायची, याचं उत्तर खानदेशाला शंभर वर्षांपूर्वी सुचलं होतं. गिरणीमालक प्रतापशेठ यांच्या देणगीतून 1916 साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. अभ्यासकांनी तिथे येऊन राहावं, विद्यावेतन घ्यावं आणि निश्चिंतपणे चिंतन करावं, ही त्यामागची योजना. साने गुरुजी अमळनेरला आले ते या मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला. शाळेतलं शिक्षकपण आणि छात्रालयाची जबाबदारी त्यानंतरची. याच आवारात घ. र. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी अज्ञान या संकल्पनेवर मिळून ग्रंथ लिहिला. तो 1933 साली निघाला. सिंधी, बंगाली आणि दाक्षिणात्य अभ्यासक बोरी नदीकाठच्या गावात वाद घालत बसले, ते डोक्यावर छप्पर होतं म्हणून. विचाराला जागा लागते, अगदी शब्दशः चौरस फुटांत.

आज संशोधकाच्या निर्वाहाची मागणी आंदोलन करून मांडावी लागते. बार्टी या सरकारी संस्थेच्या अधिछात्रवृत्तीसाठी पात्र ठरलेले 861 संशोधक 2023 च्या फेब्रुवारीपासून मुंबईच्या आझाद मैदानावर बसले. दोनशेंची मर्यादा नको, सरसकट द्या, हे त्यांचं म्हणणं. सारथी आणि महाज्योती या अशाच संस्थांच्या संशोधकांनाही पुढे रस्त्यावर यावं लागलं. या सगळ्या लढ्यांत चर्चा संख्येची आणि रकमेची झाली. भाडं, पाळणाघर, आजारी आईचं औषध हे शब्द निवेदनात फारसे आले नाहीत. घरच्या अडचणी चारचौघांत सांगू नयेत, असं वळण आपल्याला लहानपणापासून लागलेलं असतं. संशोधकही त्याला अपवाद नाहीत.

कॅलिफोर्नियात ते बोललं गेलं. 2019 च्या डिसेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ आवारातल्या संशोधक-शिक्षकांनी घरभाडं परवडत नाही म्हणून दरमहा 1,412 डॉलर वाढवून मागितले आणि विद्यार्थ्यांचे गुण रोखून धरले. 2022 च्या नोव्हेंबरात सबंध कॅलिफोर्निया विद्यापीठातले 48,000 शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले. त्यांची संघटना मूळची मोटार कामगारांची. सुमारे सहा आठवड्यांनी करार झाला तेव्हा पगारवाढीसोबत मुलांच्या संगोपनाच्या साहाय्यातही वाढ झाली होती. आपण संशोधन करतो म्हणजे काम करतो, हे त्यांनी आधी स्वतःशी कबूल केलं होतं. आपल्याकडे अजून संशोधकाला ‘विद्यार्थी’ म्हणूनच वागवलं जातं.

सर्वात जास्त झळ बसते ती बाईला. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांची रजा आहे, प्रबंधासाठी दोन वर्षांची जादा मुदतही आहे. वेळ मिळाला, चांगलं झालं. पण अधिछात्रवृत्ती नसलेल्या बाईची ही रजा बिनपैशाची असते, आणि दोनशे एक्केचाळिसाव्या दिवशी बाळ ठेवायचं कुणाजवळ? मुलांचं वसतिगृह, मुलींचं वसतिगृह अशी आपल्या विद्यापीठांची वाटणी. त्यात बाळासह आईला कुठलीच खोली नसते.

कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव लावणारं, 1990 साली स्थापन झालेलं विद्यापीठ बांभोरीजवळ गिरणेच्या काठी आहे. आवार सुमारे 650 एकरांचं, म्हणजे जागेची अडचण सांगता येणार नाही. संसारी संशोधकांसाठी माफक भाड्याच्या खोल्या आणि एक पाळणाघर, एवढं तरी तिथे व्हावं, आणि धुळ्यातल्या संशोधन केंद्रांनाही त्यात वाटा मिळावा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या संशोधकांनी पुढच्या निवेदनात अधिछात्रवृत्तीच्या शेजारीच ही दोन कलमं लिहावीत, आणि अधिसभेच्या सदस्यांनी ती अर्थसंकल्पाच्या बैठकीत मांडावीत.