काळ्या नदीवरून

मनाउस, ब्राझील

ती. बाबांस,


रिओ नेग्रो पाहिली. वरून काळी कुळकुळीत, पण बाटलीत भरून उन्हात धरली तर कोऱ्या चहाचा रंग. हात कोपरापर्यंत बुडवला, तर बोटं तांबडी दिसू लागली.

हे पाणी तुमच्या फिल्टर हाउसवर आलं असतं, तर गढूळपणाच्या परीक्षेत सहज पास झालं असतं! गाळ जवळजवळ नाहीच. आहे ते सगळं विरघळलेलं. ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतूनही रंग तसाच खाली उतरतो. वर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकाल तर तिच्यातला क्लोरीन याच विरघळलेल्या द्रव्यांना भिडून ट्रायहॅलोमिथेनं तयार करतो.

मूळ आहे वरच्या जंगलांत. तिथली जमीन पांढऱ्या वाळूची. कुजलेल्या पाचोळ्यातली ह्युमिक आम्लं चिकणमाती असती तर तिने धरून ठेवली असती. वाळू कसली धरते? ती निथळून नदीत येतात. पाणी आंबट, सामू ५च्या खाली. डास मात्र कमी, माझ्यासाठी एवढं पुण्य पुरे.

शहराच्या खाली सोलिमोएस मिळते, अँडीजचा गाळ घेऊन आलेली, पिवळट. दोघी सुमारे ६ किलोमीटर शेजारून वाहतात, मिसळत नाहीत. नावाड्याने नाव रेघेवरून आडवी नेली आणि हात पाण्यात ठेवायला सांगितला: काळं पाणी कोमट, पिवळं गार. वेगही निराळा, घनताही.

मकापा

बाबा,

इथे मुखाजवळ, त्या दोघी मिळून झालेली अमेझॉन नुसती मातकट. काळ्या पाण्याचा मागमूस नाही. रंग दिसत नसला तरी द्रव्य आहेच, फक्त सगळं नाही. वाटेत जिवाणू त्यातलं बरंच खातात आणि ते कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातं. २००२ साली जेफ्री रिची आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला, की या खोऱ्यातल्या पाण्यावरून वर्षाला सुमारे ५० कोटी टन कार्बन हवेत जातो. नदीतून समुद्राला मिळणाऱ्या सेंद्रिय कार्बनाच्या कितीतरी पट. आपण नद्यांना जंगलाची गटारं समजतो, त्या तर चुली निघाल्या.

उरलेलं अटलांटिकात जातं. गाळ खाली बसला की ऊन आत शिरतं आणि त्या द्रव्याचा रंग विटवतं. समुद्रातला प्रवाह या पाण्याचा पट्टा गयानांच्या किनाऱ्याने वायव्येला ओढून नेतो. मीही तिकडेच, ओयापोकीच्या बसने. रस्ता काही ठिकाणी कच्चा आहे म्हणतात, तेव्हा पुढचं पत्र उशिरा.

आपला,
सुहास