मुलांच्या एचआयव्ही उपचारातील खंड

प्रतिविषाणू औषधे, म्हणजे एआरटी, एचआयव्हीची वाढ रोखतात. त्याला शरीरातून घालवत नाहीत. प्रतिकारशक्तीच्या काही सीडी-४ पेशींच्या जनुकसंचात हा विषाणू वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात तो दोन ते चार आठवड्यांत पुन्हा मोजता येईल इतका वाढतो. तान्ह्या बाळाकडे प्रौढाइतका अवधी नसतो, कारण त्याची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. आफ्रिकेतील जुन्या अभ्यासांत, जन्मतः लागण झालेल्या आणि उपचार न मिळालेल्या मुलांपैकी निम्मी दुसऱ्या वाढदिवसाआधीच दगावली होती.

खंडाचा दुसरा धोका औषधांच्या गुणधर्मात आहे. एकत्र घेतलेली तीन औषधे शरीरातून एकाच वेगाने बाहेर पडत नाहीत. एफाविरेन्झ बंद केल्यावर आठवडाभर, काहींच्या रक्तात त्याहूनही अधिक काळ रेंगाळते; सोबतची औषधे मात्र त्याआधीच ओसरतात. त्या दिवसांत विषाणूसमोर एकटे एफाविरेन्झ उरते, आणि त्याला निष्प्रभ करायला विषाणूच्या जनुकातील एक बदल पुरतो. मूल पुन्हा गोळ्या घेऊ लागते, पण त्यातले एक औषध तोवर कुचकामी झालेले असते. डोल्युटेग्राव्हिर हे नवे औषध याबाबतीत बरेच चिवट आहे. मुलांच्या उपचारात ते आल्याने प्रतिरोधाची भीती कमी झाली, तरी सीडी-४ घसरण्याचा धोका तसाच राहिला.

डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरवून विश्रांती देऊन पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत. प्रौढांमधील ‘स्मार्ट’ चाचणीत ५,४७२ जण होते. औषधे थांबवलेल्या गटात मृत्यू आणि गंभीर आजार वाढल्याने २००६ मध्ये ती आटोपती घ्यावी लागली. बाळांमध्ये तर उपचार लांबणेही घातक ठरते: दक्षिण आफ्रिकेतील ‘चेर’ चाचणीने बाळांना बारा आठवड्यांच्या आत औषधे सुरू केली, तेव्हा उपचार लांबणीवर टाकलेल्या गटाच्या तुलनेत मृत्यू ७६ टक्क्यांनी घटले. ‘ब्रीदर’ चाचणीत ११ देशांतील ८ ते २४ वयोगटाचे १९९ जण होते. त्यांतील एका गटाने पाच दिवस गोळ्या आणि शनिवार-रविवार सुट्टी असा क्रम पाळला, आणि ४८ आठवड्यांत विषाणू रोज गोळ्या घेणाऱ्यांइतकाच आटोक्यात राहिला. पण यातल्या प्रत्येकाचा विषाणू आधीच दबलेला होता, औषध एफाविरेन्झ होते आणि तपासण्या नियमित होत होत्या. घरच्या घरी चुकलेल्या दोन दिवसांना हा निष्कर्ष लावणे घातक आहे. न ठरवता पडलेल्या एका खंडाचीही खूप चर्चा झाली: २०१० मध्ये अमेरिकेच्या मिसिसिपीत जन्मलेल्या एका बाळाला तिसाव्या तासापासून औषधे मिळाली. सुमारे दीड वर्षाने ती बंद पडल्यावरही विषाणू सापडेना, तेव्हा जगभर आशा पालवली. २७ महिन्यांनी, २०१४ मध्ये, तो परतला.

प्रत्यक्षात पडणारा खंड कोणी योजलेला नसतो आणि त्याची कारणे वयानुसार बदलतात. लहान बाळांसाठी बरीच वर्षे लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरचे पातळ औषध वापरात होते. ते अतिशय कडू, त्यात ४२ टक्के अल्कोहोल, आणि एआरटी केंद्रातला साठा थंड ठेवावा लागणारा. फ्रिज नसलेल्या घरात, ओकून टाकणाऱ्या बाळाला दिवसातून दोनदा ते पाजायचे, तेही शेजारणीच्या नजरेआड. औषध चुकवणाऱ्या आईवर ठपका ठेवण्याआधी हे सारे डोळ्यांसमोर आणावे. २०२१ पासून डोल्युटेग्राव्हिरच्या पाण्यात विरघळणाऱ्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या उपलब्ध झाल्या आणि ही झटापट पुष्कळ कमी झाली.

शाळकरी वयात अडसर असतो मौनाचा. ‘शक्तीच्या गोळ्या आहेत’ असे सांगून मुलाला वाढवले जाते. बारा-तेराव्या वर्षी ते विचारते, मी आजारी नाही, मग रोज कशासाठी? त्याचे उत्तर घरात कोणी देत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्यांच्या समजेनुसार टप्प्याटप्प्याने खरे सांगावे, असे जागतिक आरोग्य संघटना २०११ पासून सांगत आली आहे. पण मुलाला सांगायचे म्हणजे आईवडिलांना आधी स्वतःबद्दल बोलावे लागते, आणि नेमके तेच टाळले जाते.

किशोरवयात औषध मुलाच्या हाती जाते. वसतिगृहात डबीवरचे लेबल खरवडलेले असते आणि गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस कोंबलेला असतो. केंद्रात गोळ्या मोजतात हे माहीत असल्याने काही मुले आदल्या दिवशी उरलेल्या गोळ्या फेकून अचूक हिशेब घेऊन येतात. अशा वेळी खरी परिस्थिती व्हायरल लोडच, म्हणजे रक्तातील विषाणूची मोजणीच, सांगतो.

भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी आणि बालकांसाठीचा स्वतंत्र कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ रोजी सुरू झाला. त्या काळची बाळे आता तरुण झाली आहेत. त्यांतल्या अनेकांचे आईवडील हयात नाहीत. आजी-आजोबा, काका किंवा मोठी बहीण त्यांना सांभाळते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने याची दखल घेतली: कुटुंबाचा कारभार पाहणारे बारा ते अठरा वयाचे समंजस भावंड धाकट्यांचे पालक म्हणून काम पाहू शकते. महाराष्ट्रात यात हंगामी स्थलांतराची भर पडते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जातात, त्या मार्च-एप्रिलला परततात. दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत दिल्या तरी हंगाम त्याहून लांबतो. मुक्कामाजवळच्या केंद्रात नाव वर्ग करून घेता येते; मात्र उचल घेतलेल्या मजुराला त्यासाठी कोयता खाली ठेवून एक दिवस बुडवावा लागतो.

खंड पडलेले मूल परत आले की पहिले काम त्याला न रागावता बसवून घेणे. रागावलेले मूल पुढची तारीख चुकवते. किती दिवस आणि कोणती गोळी बंद होती, कशामुळे, हे विचारायचे. अबॅकाव्हिर अंगावर पुरळ किंवा तापासारख्या प्रतिक्रियेमुळे थांबवले असेल तर ते पुन्हा सुरू करायचे नाही. दुसऱ्यांदा येणारी प्रतिक्रिया जीवघेणी ठरू शकते. हेपटायटिस-बी सोबत असेल तर लॅमिव्हुडिन-टेनोफोव्हिर बंद पडल्याने यकृताची सूज उसळते, म्हणून तेही तपासायचे. खोकला, ताप, वजन पाहून क्षयाची चौकशी करायची. रिफाम्पिसिन द्यावे लागले तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागते. मुलाचे वजन वाढले असल्यास मात्रा नव्याने ठरवायची. सीडी-४ खाली गेले असेल तर कोट्रायमॉक्साझोल द्यायचे. मेंदुज्वराची किंवा गंभीर क्षयाची शंका नसेल तर एआरटी शक्यतो त्याच दिवशी सुरू होते. पहिल्या आठवड्यांत सावरणारी प्रतिकारशक्ती दडलेला संसर्ग उघडा पाडू शकते, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवले तर ताप आल्यावर ते गोळ्या बंद करत नाहीत. साधारण तीन महिन्यांनी व्हायरल लोड होतो. तो दर मिलिलिटरला १,००० प्रतींच्या वर आला तर आधी गोळ्या पोटात जातात की नाही हे पाहून, समुपदेशनानंतर तो पुन्हा मोजतात. औषधे बदलण्याचा विचार त्यानंतरच होतो.